कोपरा फाटलेलं कार्ड

आतेचा फोन आला तेव्हा मी खळ ढवळत होते. मैद्याची खळ एकदा गॅसवर चढवली की हात थांबवून चालत नाही, गाठी होतात. म्हणून फोन मानेत धरला. पलीकडून हॅलो नाही, ‘कशी आसस’ नाही. एकदम प्रश्न आला, “कोण गेला गो?”

मला काही कळेना. म्हटलं, “कुठे गेला?”

“सांग माका. न्हालंय मी.”

आते चौऱ्याऐंशी वर्षांची. मुंबईत काळाचौकीच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहते. आठ दिवसांपूर्वी मी तिला एक कार्ड पाठवलं होतं, रद्दीच्या तुकड्यांतून हातानं केलेलं. साडीच्या खोक्याचा निळा कागद, त्यावर लग्नपत्रिकेच्या सोनेरी कागदाचं ऊन, आणि खाली उजवीकडचा कोपरा मुद्दाम हातानं फाडलेला. माझ्या लेखी ती किनाऱ्याला येऊन फुटणारी लाट होती. आतेनं पोस्टमनच्या हातात तो कोपरा पाहिला, कार्ड उंबऱ्याबाहेरच घेतलं, चष्मा न लावता, मजकूर न वाचता त्याचे चार तुकडे केले, मोरीत जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं आणि मग फोन लावला. पाठीमागे मी लिहिलं होतं, ‘इकडे आम्ही सर्व खुशाल.’

खळ करपली.

ज्यांनी कार्डाचा जमाना पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. मयताची बातमी देणारं कार्ड कोपरा फाडून टाकायची रीत होती. असं कार्ड घरात न्यायचं नाही, ठेवायचं नाही. वाचायचं आणि फाडून टाकायचं. मंगलकार्याचं पत्र असलं तर त्याच्या कोपऱ्यांना हळदकुंकू. म्हणजे ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही पोस्टमन पाणंदीत दिसल्या दिसल्या अर्धी बातमी कळायची. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून सुचलं नाही, ही गोष्ट मला अजून खाते.

आमचा वेंगुर्ल्यात छापखाना होता. छापखाना म्हणजे काय, एक पायानं मारायचं ट्रेडल, शिशाच्या अक्षरांचे खिळे ठेवायचे खणांचे ट्रे, म्हणजे केस, आणि बाबांचा जीव की प्राण असलेलं कटिंग मशीन. पावतीपुस्तकं, लग्नपत्रिका, आणि जत्रांच्या दिवसांत दशावतारी नाटकांची हँडबिलं. ही हँडबिलं पातळ रंगीत कागदावर निघत. गुलाबी, पोपटी, पिवळा. प्रत्येकावर नाटकाच्या नावाआधी ‘ट्रिकसीनयुक्त’, म्हणजे रंगमंचावर चमत्कार दाखवणारं, हा शब्द हवाच. तो इतका वरचेवर लागायचा की बाबा बाकीचे खिळे सोडून केसमध्ये परत टाकायचे, पण तेवढा शब्द दोऱ्यानं बांधून फळीवर ठेवलेला असे. आम्हां पोरांना तो शब्द वाचता यायच्या आधी ओळखता यायचा, आणि तोही उलटा.

बाबांचा एक नेम होता : कागद हातानं फाडायचा नाही. दुकानातल्या दोन ओळींच्या यादीसाठीसुद्धा पट्टी ठेवून पातं फिरवायचे. वाकडी कड दिसली की त्यांच्या दातांत खडा आल्यासारखं होई. रीम कापून झाली की मशीनच्या एका बाजूला दोन बोटं रुंदीच्या पट्ट्यांचा ढीग पडे. तो इतर प्रेसवाले रद्दीत घालत. बाबा घालत नसत. ‘पोरांना लागतील’ म्हणायचे. आम्हां पोरांना काय लागणार? पाच-दहा पट्ट्या पतंगाच्या शेपटीला. बाकीच्या पत्र्याच्या ट्रंकेत जात. पुढे ऑफसेट आलं, कॉम्प्युटरवरच्या पत्रिका आल्या, ट्रेडल भंगारात वजनावर गेलं. बाबाही गेले. ट्रंका राहिल्या. तीन.

पंचावन्नाव्या वर्षी एका पावसाळ्यात पहिली ट्रंक उघडली ती वाळवी लागली का बघायला. वाळवी नव्हती, कसर होती. वरचे दोन थर झटकले आणि खाली पोपटी रंग जसाच्या तसा. त्या दिवशी पहिलं कार्ड झालं. चांगलं झालं नव्हतं. पण पट्ट्या हाताळताना दुपार कशी गेली कळलं नाही.

शाळेत आम्ही याला चिकटकाम म्हणायचो. कोलाज हा शब्द मोठेपणी भेटला, तोही फ्रेंच आणि अर्थ तोच, चिकटवणं. भाच्यानं एकदा मोबाइलवर मिसेस डिलेनी नावाच्या इंग्रज बाईची फुलं दाखवली. १७७२च्या सुमारास, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, तिनं रंगीत कागदांचे बारीक तुकडे कापून काळ्या पार्श्वभूमीवर फुलं चिकटवायला घेतली आणि नजर साथ देईना तोवर दहाएक वर्षांत हजाराच्या आसपास केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पाकळीची शीर दिसते, परागकण दिसतात, आणि सगळा कागद. मी तो फोटो बोटांनी मोठा करून करून पाहिला. मग भाच्याला म्हटलं, म्हणजे मला अजून बरीच वर्षं आहेत.

पण लांब जायचं कारण नाही. सावंतवाडी आमच्यापासून तासाभरावर. तिथला गंजिफा म्हणजे कागदाच्या थरांना चिंचोक्याची खळ लावून कडक केलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफाचे १२० पत्ते, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. ही कला जवळपास संपत आली होती; तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात कारागीर बसवून ती पुन्हा उभी केली. तिथे पत्ते रंगवणारे हात तासभर बघून आले तेव्हा एक कळलं, रंगाचं कौतुक सगळे करतात, पण पत्ता टिकतो तो आतल्या खळीवर.

मीही म्हणून खळच वापरते. फेविकॉल चांगलाच, पण तो एकदा बसला की बसला, आणि पातळ कागदावर त्याचा प्लास्टिकसारखा तवंग येतो. खळ ओली असेतो तुकडा सरकवता येतो, विचार बदलता येतो. मैदा गार पाण्यात कालवायचा, मग उकळत्या पाण्यात सोडायचा, आणि चिमूटभर मोरचूद. बाबांचे बाइंडर घालायचे तसा, किडीसाठी. मोरचूद विषारी, त्यामुळे ते भांडं आणि तो चमचा वेगळा. एकदा सुनेनं त्याच चमच्यानं चहात साखर ढवळायला घेतली होती. त्या दिवसापासून चमच्याला लाल दोरा बांधलेला आहे.

आता तुकडे. लोकांना वाटतं रद्दी म्हणजे रद्दी. तिच्यात जाती आहेत. सर्वांत पुष्कळ लग्नपत्रिका. आणि सर्वांत अवघडही त्याच, कारण वर गणपती. तो कचऱ्यात टाकवत नाही म्हणून प्रत्येक घरात पत्रिकांची थप्पी साठलेली असते, आणि मी हा उद्योग करते हे कळल्यापासून सगळा गाव ती थप्पी माझ्या ओट्यावर आणून ठेवतो. पाप माझ्या पदरात! मी गणपतीला कात्री लावत नाही. अख्खा अलगद काढते आणि एका खोक्यात ठेवते. आता त्या खोक्यात शेकड्यांनी गणपती आहेत आणि त्यांचं काय करायचं हे मलाही ठाऊक नाही. आई होती तोवर तिचं वेगळंच. जमिनीवर पसरलेल्या तुकड्यांतून जाताना पाय लागला की वाकून नमस्कार. एका तुकड्याला एक नमस्कार. शेवटी म्हणाली, “अगं, स्वयंपाकघरात जायला मला पंधरा नमस्कार पडतात,” तेव्हा मी टेबल घेतलं.

पत्रिकेखालोखाल कॅलेंडरचा कागद. जाड, गुळगुळीत, आणि मागच्या बाजूचे पाककृतींचे कॉलम फाडले की राखाडी अक्षरांचं सुंदर आभाळ होतं. आंब्याच्या पेटीतले वर्तमानपत्राचे कागद, पिकत्या हापूसच्या डागांसकट. अगरबत्तीच्या पुड्यांचा वास वर्षभर जात नाही. काडेपेटीची छापं. औषधांच्या खोक्यांचा आतला पांढरा भाग. शर्टाच्या पेटीतला पुठ्ठा तळासाठी.

एसटीची तिकिटं मात्र मला रडवून गेली. पूर्वीची पातळ रंगीत तिकिटं, कंडक्टरच्या चिमट्यानं भोकं पाडलेली, चाळीस वर्षांनी आजही तशीच आहेत. आता यंत्रातून निघतं ते शाईनं छापलेलंच नसतं. कागदावर लेप असतो आणि तो उष्णतेनं काळा पडतो. एका मैत्रिणीला तिच्या निवृत्तीनिमित्त कार्ड करून दिलं, आम्ही दोघींनी शेवटचा एकत्र प्रवास केला त्या वेंगुर्ले–कुडाळ तिकिटाचं. मधोमध तेच. पुढच्या गणपतीत तिच्या घरी गेले तर फ्रेममध्ये मधोमध कोरी पांढरी पट्टी. ती बिचारी काही बोलली नव्हती.

एक कार्ड कसं होतं ते सांगते. चौदा बाय नऊ सेंटिमीटरचा पुठ्ठा, जुनं सरकारी कार्ड वर ठेवून आखलेला. मग समुद्र. समुद्र कापून होत नाही, कात्रीनं केलेला समुद्र पत्र्यासारखा दिसतो. तो फाडावा लागतो. आणि फाडताना कागदाचं ऐकावं लागतं. वर्तमानपत्र घेऊन बघा : वरून खाली फाडलं तर रेघ मारल्यासारखं सरळ जातं, आडवं फाडलं की वेडंवाकडं धावतं. कागद तयार होताना मशीनवर लगदा ज्या दिशेनं पळतो त्या दिशेला तंतू झोपतात, म्हणून. बाबा त्याला ग्रेन म्हणायचे. ग्रेनच्या बाजूनं फाडलं की शांत क्षितिज मिळतं, आडवं फाडलं की लाटा. छापील गुळगुळीत कागदात आणखी एक गंमत. फाडताना कुठला हात आपल्याकडे ओढला त्यावर दोनांपैकी एका तुकड्याला पांढरी कड येते, दुसऱ्याला येत नाही. वरचा छापील पापुद्रा मागे राहतो आणि आतला कोरा कागद उघडा पडतो. ती पांढरी कड म्हणजे फेस. रंगानं काढायला गेलात तर दिवस जाईल. इथे एका झटक्यात वेंगुर्ल्याच्या बंदरावरची लाट फुटते. पहिल्यांदा ही कड जमली तेव्हा मी एकटीच ‘हां!’ म्हणाले होते, मोठ्यानं.

आणि हे सगळं बाबांनी घालून दिलेल्या शिस्तीच्या उलट. त्यांनी सरळ कापलेल्या पट्ट्या मी बसून वाकड्या फाडते.

तुकडे चिकटवले की पुठ्ठा वाकतो. ओला कागद आडव्या अंगानं फुगतो, सुकताना आक्रसतो आणि पुठ्ठ्याला ओढतो. उपाय एकच, पाठीलाही त्याच ग्रेननं एक कागद डकवायचा, म्हणजे दोन्हीकडून सारखी ओढ. मग वर्तमानपत्रात गुंडाळून पाट्याखाली. उन्हाळ्यात एका रात्रीत काम होतं. पावसात चार-चार दिवस. जून ते सप्टेंबर इथे मीठ पाझरतं, दारं फुगतात, आणि कार्डावर तिसऱ्या दिवशी हिरवट काळी लव येते. एका श्रावणात बारा कार्डं अशी गेली. आता पावसाळ्यात फक्त फाडून, रंग लावून ठेवते, चिकटवणं नवरात्रानंतर.

कार्डावर उंच काही लावायचं नाही हेही ठेच लागून शिकले. शिंपल्याचा चुरा लावलेलं कार्ड पोचलं तेव्हा शिंपले वाटेत कुणाच्या तरी वीजबिलाला चिकटून गेले असावेत. पोस्टाच्या शिक्क्याचा दणका साधा नसतो. आणि तिकीट आपण लावायचं. सरकारी कार्ड आजही पन्नास पैशांना मिळतं. आपल्याकडे पोस्टकार्ड आलं १ जुलै १८७९ला, पाव आण्याला. जगातलं पहिलं त्याच्या दहाच वर्षं आधी, ऑस्ट्रिया-हंगेरीत. एकच कार्ड मागितलं की काउंटरवर सुट्ट्याचा प्रश्न येतो, कारण आठ आण्यांचं नाणं कायद्यानं चालतं आणि बाजारात कुणी घेत नाही. माझं जाडं कार्ड सहा-सात ग्रॅम भरतं. मी सरळ पत्राचं पाच रुपयांचं तिकीट लावते. वाद नको.

पत्ता लिहिताना पिनकोडाशी मी जरा थांबते. ही सहा आकड्यांची कल्पना आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांची, १५ ऑगस्ट १९७२पासून लागू झालेली. पोस्टखात्यात मोठ्या हुद्द्यावर आणि संस्कृतचे कवी. ४१६ ५१६हून ४०० ०३३ला. सहा आकड्यांच्या दोन छोट्या ओव्या.

तर आते.

त्या दिवशी फोनवर मी शपथा घातल्या. सगळे जिवंत आहेत, मी आहे, हे आहेत, पोरं आहेत, बैलसुद्धा आहेत. तिचा विश्वास बसेना. “मगे कोपरो कित्याक फाडलंस?”

“लाट आहे ती, आते.”

बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, “अक्षरय बापाशीसारख्याच तुझा.”

आणि मग तिनं सांगितलं ते मला पन्नाशी उलटेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. आजी गेली १९७९च्या आषाढात. बाबांनी तार केली होती, पण पावसानं तारा पडल्या होत्या की काय कोण जाणे, तार पोचलीच नाही. दहाव्या दिवशी कार्ड पोचलं. आते नळावर हंडा लावून उभी होती. पोस्टमननं कार्ड दिलं नाही, कठड्यावर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरकला. तेव्हाच तिला कळलं. मिलची पाळी सुटून मामा, म्हणजे तिचे यजमान, घरी येईपर्यंत ती जिन्यात बसून होती. आईचं तोंडही दिसलं नाही.

“मजकूर नाय आठवणा,” आते म्हणाली. “कोपरो आठवता. तेना आयुष्यात एकच कागद वाकडो फाडल्यान.”

मी फोन ठेवला आणि करपलेलं पातेलं घासत बसले.

पंधरा दिवसांनी आतेकडून पाकीट आलं. आत माझ्या कार्डाचे चार तुकडे. शेजारच्या मुलीनं गॅलरीतल्या डब्यातून काढून पुसून ठेवले होते म्हणे, चित्र छान होतं म्हणून. तिच्याच अक्षरात चिठ्ठी : आजी म्हणते, जोडून दे.

तुकडे टेबलावर लावले. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बोटांनी जाड पुठ्ठा फाडलेला, एक चीर सरळ, दुसरी आडवी आणि दातेरी. सरळ चीर लगेच मिटली. आडवीला खूप वेळ लागला, दोन्हीकडचे तंतू एकमेकांत बसवताना सुई वापरावी लागली. चार तुकडे झाले. पाचवा, तो कोपरा, माझ्याकडेच असायला हवा होता, मीच फाडलेला. सगळा निळ्यांचा डबा उपसला. नाही. मग आठवलं, त्या त्रिकोणाचं मी दुसऱ्या कार्डावर शीड केलं होतं आणि ते पुण्याला गेलं होतं.

ट्रंकेतून हँडबिलाची एक पिवळी पट्टी काढली. त्या पट्टीवर चुकून अर्धा शब्द छापला गेला होता, ‘ट्रिकसी’ एवढाच. तिच्यावर फूटपट्टी ठेवली, पातं फिरवलं, कोपरा काटकोनात कापला आणि बसवला. समुद्राच्या टोकाला पिवळा काटकोन. चित्र म्हणून बघाल तर अगदीच विजोड. खळ सुकल्यावर चारी कोपऱ्यांना हळदीचं बोट लावलं, एकेक करून.

पोस्टातल्या मुलीनं कार्ड उलटंसुलटं करून बघितलं. “काकू, लग्न कुणाचं?” म्हणाली.

पाचव्या दिवशी फोन वाजला. या वेळी खळ नव्हती, भात होता. पण फोन मानेतच धरला.

“इला कार्ड,” आते म्हणाली. “कोपरे मोजलंय. चारय आसत.”